आज रात्री काय भिजत घालायचं?

रात्रीचे साडेआठ वाजलेत. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या पाळीवरून किंवा कॉलेज रोडच्या क्लासमधून तुम्ही घरी येता. भूक सपाटून लागलेली असते. फ्रीजमध्ये अर्धा कोबी आणि सुकलेली कोथिंबीर, डब्यात तूरडाळ आहे पण ती भिजवलेली नाही. अशा वेळी हात फोनकडे जातो, नाहीतर पाय कोपऱ्यावरच्या गाडीकडे वळतात. पोट भरतं, खिसा रिकामा होतो आणि उद्या पुन्हा तेच.

मी हे दिवस काढलेले आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी सिडकोतल्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. एक शेगडी, 3 लिटरचा एक कुकर, एक तवा, 4 वाट्या. महिन्याच्या विसाव्या तारखेला पैसे संपायचे आणि हिशोब मांडला की बहुतेक पैसा बाहेरच्या खाण्यात गेलेला दिसायचा. शेजारच्या मावशींनी एकच सवय लावली. झोपण्याआधी ओट्यावर वाटीभर काहीतरी भिजत घालायचं. मटकी, मूग, चवळी, हुलगे, हरभरे, घरात असेल ते. सकाळी डोळे उघडायच्या आत दिवसाचं अर्धं जेवण ठरलेलं असायचं.

आज इतक्या वर्षांनी घरी स्वयंपाक शिकायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. स्वस्त आणि चांगलं जेवण भूक लागायच्या आधी ठरवावं लागतं. आयत्या वेळी ठरवलेलं महाग पडतं आणि बहुधा तेलकट असतं. हा लेख त्या आधी ठरवण्याबद्दल आहे: बाजार कधी करायचा, काय साठवायचं, काय भिजवायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात ताट कसं वाढायचं.

आधी ताटाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात साधारण असं प्रमाण दिलं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारख्या तेलबिया आणि सुकामेवा मिळून 35 ग्रॅम, आणि तेल-तूप मिळून 27 ग्रॅम.

आता आपल्या ताटाकडे पाहा. बहुतेक घरांत पोळी आणि भात भरपूर, डाळ पातळ, भाजी चमचाभर. म्हणजे धान्य हवं त्याहून जास्त आणि डाळ-भाजी हवी त्याहून कमी. ताट सुधारायला महागडं काही आणायची गरज पडत नाही. एक पोळी कमी करा आणि उसळीची वाटी भरून घ्या, बदल तिथेच सुरू होतो.

खर्चाचं गणितही करून बघा. माणशी 85 ग्रॅम म्हणजे 1 किलो कडधान्य एका माणसाला जवळजवळ 12 दिवस पुरतं. तुमच्या वाण्याकडे मटकीचा जो भाव असेल त्याला 12 ने भागा. एका दिवसाच्या डाळी-कडधान्याचा खर्च तो. शेजारी बाहेरच्या एका प्लेटचा दर लिहा. हा आकडा मी सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः काढलेला जास्त पटेल.

धान्य आणि डाळ एकत्र का खायची, हेही समजून घेण्यासारखं आहे. तांदूळ, ज्वारी, गहू यांतल्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी, ते धान्यात मिळतं. वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी या आजीच्या जोड्या म्हणूनच पक्क्या आहेत. दोन्ही एका ताटात आली की साध्या जेवणातूनही चांगली प्रथिनं मिळतात.

आठवडा बुधवारी सुरू होतो

नाशिकमध्ये राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, आठवडे बाजार भरतो. आसपासच्या गावांतून शेतकरी आणि बायका टोपल्या घेऊन येतात. तुमच्या भागातही कुठल्या ना कुठल्या वारी बाजार भरत असेल. तुमचा वार कुठलाही असो, आठवड्याचा आराखडा त्या दिवसापासून मांडा. मी तो बुधवारपासून मांडते.

बाजारात शिरल्यावर पहिल्या टोपलीपाशी पैसे काढायचे नाहीत. एक फेरी नुसती बघायची. ज्या भाजीचे ढीग जागोजागी दिसतील ती त्या आठवड्याची स्वस्त भाजी, आणि बहुधा तीच ताजी. घरून ठरवून आलेली यादी इथे बदलायची तयारी ठेवा. यादीत भेंडी असेल आणि बाजारात गिलकी उतू जात असतील, तर गिलकी घ्या.

मेथीची जुडी घेताना वरची पानं बघून फसू नका. जुडी उलटी करा, दोरीपाशी बोट घालून बघा. आत पानं काळपट, चिकट झाली असतील तर ती जुडी कालची आहे. देठ मोडून बघा, कट्‌कन मोडला तर ताजी. वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया जास्त. गवारीची शेंग मधून मोडा, धागा लांब निघाला तर जून आहे.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते त्याच संध्याकाळी करायचं. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. धुवायची ती चिरण्याच्या आधी. चिरल्यावर धुतली तर पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही वाहून जातात. कोथिंबिरीचे देठ कापून डब्यात कागद घालून ठेवले की आठवडा निघतो. हे काम अर्ध्या तासाचं आहे. दोघांनी केलं तर पंधरा मिनिटांचं.

मग भाज्या टिकण्याच्या क्रमाने वापरा:

- बुधवार-गुरुवार: मेथी, पालक, चाकवत, शेपू. पालेभाजी आधी संपवायची.
- शुक्रवार-शनिवार: गिलकी, भेंडी, वांगी, गवार, वालपापडी.
- रविवार-सोमवार: कोबी, दुधी, डांगर, गाजर, बीट.
- मंगळवार: भाजी संपलेली असते. हा पिठल्याचा, झुणक्याचा किंवा शेंगोळ्यांचा दिवस.

या क्रमाने गेलात तर भाजी सडून फेकण्याची वेळ येत नाही. घरातला बराचसा अपव्यय तिथेच थांबतो.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. गंगेला पूर आला, घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात गेली, की तिथला बाजार उठतो. रस्ते बंद झाले की भाज्यांचे भाव चढतात. त्या आठवड्यासाठी घरात कोरडी बेगमी असू द्या: मूग, मटकी, हुलगे, बेसन, सांडगे, वाळवलेली गवार, शेंगदाणे. पुराच्या आठवड्यात भाजीवाचून कुणाचं अडत नाही.

पावसाळ्याची दुसरी बाजू मात्र मोठी गोड आहे. त्र्यंबक, पेठ, हरसूलकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन शहरात येतात. करटुली, कुरडू, फोडशी, शेवळं. या भाज्यांना खत नाही, फवारणी नाही. त्या कशा करायच्या, हे विकणाऱ्या बाईलाच विचारा. ती आनंदाने सांगते. शेवळासारखी भाजी घशाला खाजते, तिच्यासोबत काकड किंवा आंबट काहीतरी लागतंच. ओळख नसलेली रानभाजी स्वतः तोडून आणू नका.

कांदा: आपल्या दाराशी पिकतो, तरी रडवतो

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून देशभर कांदा जातो, आणि तरी दर थोड्या वर्षांनी नाशिककरालाच तो महाग घ्यावा लागतो. यावर घरगुती उपाय आहे, फक्त कांद्याची जात ओळखायला हवी.

पावसाळ्यानंतर येतो तो लाल कांदा. तो ओलसर असतो, फार दिवस टिकत नाही. तो आठवड्यापुरता घ्या. त्यामागून रांगडा येतो. मार्च-एप्रिलपासून येतो तो उन्हाळ कांदा. तो नीट सुकवलेला असतो, वरचा पापुद्रा घट्ट आणि कोरडा असतो. हाच कांदा शेतकरी चाळीत भरून महिनोनमहिने ठेवतात. आपणही तेच छोट्या प्रमाणात करायचं. एप्रिल-मे मध्ये, भाव पडलेले असताना, 15-20 किलो उन्हाळ कांदा घ्या. मान बारीक आणि सुकलेली बघून घ्या. जाड मानेचा कांदा लवकर सडतो.

तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. बांबूची टोपली, जाळीची पाटी किंवा गोणपाटावर पसरून, वारा लागेल अशा सावलीच्या जागी ठेवा. बटाट्यांच्या शेजारी ठेवू नका. दर रविवारी एकदा हात फिरवून बघा. एक सडला की शेजारचे चार नासवतो. इतकं केलं तर पावसाळा संपेपर्यंत घरचा कांदा पुरतो.

टोमॅटोचंही असंच. हंगामात आपल्याकडे तो इतका येतो की शेतकऱ्याच्या हाती वाहतुकीचा खर्चही उरत नाही. त्या दिवसांत 2-3 किलो जास्त घ्या, उकडून, सालं काढून, वाटून डब्यांत गोठवून ठेवा. सार, आमटी, उसळ, सगळ्याला कामी येतो. द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, फळांचा खर्च द्राक्षांवर भागवा. एरवी पेरू, केळी, बोरं, पपई. दूरदेशीच्या महागड्या फळांच्या मागे लागायची गरज नाही; क जीवनसत्त्वात तर पेरू संत्र्यालाही मागे टाकतो.

नागली, बाजरी आणि भगर

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं आणि शहरांत नागलीला एकदम मान आला. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर ती पिढ्यानपिढ्या पिकते आहे. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू-तांदळात ते त्याच्या आसपासही नसतं. वाढत्या मुलांना, गरोदर आणि वयस्क बायकांना ती आठवड्यातून तीन-चारदा मिळाली पाहिजे. आकर्षक पुड्यातली नागलीची बिस्किटं मात्र विसरा. त्यांत मैदा आणि साखर किती, ते पुड्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. धान्य आणून दळून घेणं सगळ्यात स्वस्त.

नागलीची भाकरी मोडते, म्हणून लोक नाद सोडतात. ती मोडते कारण गव्हासारखा चिकटपणा नागलीत नसतो. म्हणून उकड काढायची. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ घालून उकळी आणा. गॅस बारीक करून एक वाटी पीठ एकदम घाला, उलथन्याच्या टोकाने भराभर हलवा, झाकण ठेवून गॅस बंद करा. 5 मिनिटांनी परातीत काढा. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. गोळा हातात घेऊन दाबल्यावर कडा चिरल्या तर अजून मळायचं, कडा गुळगुळीत राहिल्या की थापायला घ्यायचं. कोरड्या पिठावर हलक्या हाताने थापा, तापल्या तव्यावर टाका, वरच्या बाजूला पाणी फिरवा. पाणी सुकलं की उलटा, खालची बाजू भाजली की थेट आचेवर फुगवा. पहिल्या दोन-तीन भाकऱ्या नकाशासारख्या होतील. चौथ्या दिवशी हात बसतो.

थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी आणि नागलीची आंबील, असं ऋतूप्रमाणे फिरत राहा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, तेव्हा आठवड्याला पुरेल इतकंच दळा. तांदूळ इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी मिळाला तर नुसत्या वरणासोबतही जेवण सुगंधी होतं.

भगर उपवासाला असते म्हणून उरलेलं वर्ष तिला विसरू नका. भाज्या घालून तिची खिचडी 15 मिनिटांत होते. एवढं लक्षात ठेवा: भगर आणि विशेषतः तिचं पीठ ओल्या हवेत बुरशी धरतं आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. सुटं, जुनं पीठ घेऊ नका. तारीख बघून पाकीटबंद भगर आणा, निवडून, स्वच्छ धुऊन घ्या आणि पीठ लागेल तेव्हाच घरी दळा.

मोड कसे आणायचे

नाशिकची मिसळ आपण अभिमानाने पाहुण्यांना खाऊ घालतो. तिचा जीव मोडाच्या मटकीत आहे, आणि ती मटकी घरात जवळजवळ फुकट तयार होते.

मटकी निवडून 3 पाण्यांनी धुवा. चौपट पाण्यात रात्रभर, साधारण 8 तास भिजवा. सकाळी पाणी पूर्ण निथळा. पाणी राहिलं की वास येतो. ओल्या सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवा, खाली ताटली. संध्याकाळपर्यंत पांढरी टोकं दिसू लागतात. उन्हाळ्यात 10-12 तासांत मोड बोटाच्या नखाएवढे होतात. थंडीत, निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत, दीड-दोन दिवस लागतात. तेव्हा पुरचुंडी बंद डब्यात घालून शेगडीच्या कोपऱ्याशी ठेवा. दिवसातून एकदा फडकं उघडून पाण्याचा हबका मारा. आंबूस वास आला किंवा मटकी बुळबुळीत झाली तर टाकून द्या.

भिजवल्याने आणि मोड आणल्याने कडधान्यातली लोह अडवून ठेवणारी द्रव्यं कमी होतात, क जीवनसत्त्व वाढतं, शिजायला गॅसही कमी लागतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्करांना मात्र कच्चे मोड देऊ नका, वाफवून द्या.

घरच्या मिसळीसाठी, चौघांना: सव्वा वाटी कोरड्या मटकीचे मोड कुकरला एका शिट्टीवर वाफवा. 2 कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं कोरडंच भाजून लसणाबरोबर वाटा. 2 चमचे तेलात मोहरी, हिंग, वाटण, काळा मसाला, तिखट परता. कडेला तेल दिसू लागलं की वाफवलेले मोड, 4 वाट्या गरम पाणी आणि मीठ घाला, 10 मिनिटं उकळू द्या. तर्रीसाठी अर्धा पाव तेल ओतायची गरज नाही, भाजलेल्या खोबऱ्याचंच तेल वर तरंगतं. फरसाण मूठभर, त्यातही निम्मे भाजलेले शेंगदाणे. वर कांदा, लिंबू, सोबत दही. पावाऐवजी ज्वारीची भाकरी घेऊन बघा.

लिंबू विसरू नका. ते चवीपुरतं नसतं. धान्य-कडधान्यातलं लोह शरीरात शिरायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. उलट, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा ते लोह अडवतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणून कळकळीने सांगते: जेवणावर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या, भाजी जमेल तेव्हा लोखंडी कढईत करा. आणि घरातल्या बाईने सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची रीत आता मोडा. ताटं एकदम वाढा.

एक कुकर, एक कढई

एकट्या-दुकट्याने राहणाऱ्यांनी चार पदार्थांवर हात बसवला की वर्ष निघतं.

डब्यांचा कुकर: खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, हळद, हिंग, मधल्यात तांदूळ, वरच्यात डांगराच्या किंवा दुधीच्या मोठ्या फोडी. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. पाणी एकदा उकळल्यावर मोठी आच फक्त वाफ बाहेर घालवते, अन्न त्याने लवकर शिजत नाही. 10 मिनिटांनी गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्या वेळात आतलं शिजणं फुकटात चालू राहतं. तोवर लसूण-जिऱ्याची फोडणी आणि कोशिंबीर.

मुगाची खिचडी: नेहमी दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घालतात. तुम्ही अर्धी-अर्धी घ्या. गाजर, मटार, पालक, जे असेल ते. एक वाटी मिश्रणाला 3 वाट्या पाणी. सोबत कढी किंवा ताक.

पिठलं: एक वाटी बेसन 3 वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. एक चमचा तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण-मिरची, भरपूर कांदा. कालवलेलं पीठ ओतून सतत हलवा, घट्ट झालं की झाकण ठेवून 5 मिनिटं वाफ. कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. मेथी किंवा कांद्याची पात घातली तर भाजीही पोटात जाते.

हुलग्याची शेंगोळी: एक वाटी हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, मीठ वाटून घाला, घट्ट मळा. पोळपाटावर बोटाएवढ्या वळकट्या करून टोकं जोडा. फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडा आणि 20 मिनिटं शिजवा. पावसाळी रात्री याहून ऊबदार जेवण मला माहीत नाही.

सोबतीला एका बरणीत जवसाची, खुरासणीची किंवा शेंगदाण्याची चटणी कायम असावी. भाजी कमी पडली तरी भाकरी कोरडी लागत नाही आणि तेलबियांचा वाटाही पोटात जातो.

तेल आणि मिठाची तारीख लिहा

आपण तेल किती खातो, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. त्यासाठी सोपा उपाय: तेलाची पिशवी आणि मिठाचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा.

माणशी 27 ग्रॅम म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, तेही तूप, लोणी आणि बाहेरची भजी-फरसाण धरून. म्हणजे घरच्या फोडणीसाठी जेमतेम अडीच-तीन लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. चौघांचं मिळून महिन्याला 600 ग्रॅम. त्यात लोणचं, पापड, फरसाणातलंही मीठ आलं. तेव्हा 1 किलोचा पुडा दोन महिने पुरायला हवा. महिन्यात संपत असेल, तर घरातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक कारण सापडलं समजा.

कमी करताना एकदम करू नका, ताटं परत येतात. तेल बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजा आणि दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. मीठ कमी झालं तिथे लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं वाढवा. महिन्याभरात जिभेला तीच चव आवडू लागते.

उरलेलं अन्न

एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या घरात जातो तेव्हा ओट्यावर राहिलेला भात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. भातातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उबदार भातात वाढून विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीज नसेल तर मोजूनच लावा. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाकरीचा ताकातला काला, उरलेल्या वरणात पीठ मळून थालीपीठ: आपल्या स्वयंपाकघरात उरलेल्या प्रत्येक गोष्टीला नाव आहे. ती नावं मुलांना शिकवा.

हे काम कुणाचं?

घरी शिजवणं आरोग्याला चांगलं, हे सगळ्यांनाच पटतं. ते बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडतं म्हणून टिकत नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईकडून नागलीच्या भाकरीची अपेक्षा ठेवायची आणि आपण टीव्हीसमोर बसायचं, हा पोषणाचा मार्ग नव्हे. बुधवारची भाजी एकाने आणावी, दुसऱ्याने निवडावी. दहा वर्षांच्या मुलाला मटकी भिजवता येते, बारा वर्षांच्या मुलाला कुकर लावता येतो. मुलगा उद्या पुण्याला किंवा परदेशी शिकायला गेला की हेच त्याला पोसणार आहे.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त एक वाटी. आज जेवणं झाली, भांडी घासून झाली, ओटा पुसला, की दिवा घालवण्याआधी डबा उघडा, मूठभर मटकी वाटीत घ्या, धुवा, पाणी घाला, झाकण ठेवा. दोन मिनिटं लागतील. सकाळी पाणी निथळून फडक्यात बांधा. उद्या रात्री साडेआठला भुकेले घरी याल तेव्हा ती फडक्यात मोड काढून तुमची वाट बघत असेल.